दाताच्या कातडीने वाचलो म्हणजे नेमकं कशाने वाचलो?

परवा रात्री साडेनऊला भाचीचा व्हिडिओ कॉल. दुसऱ्या दिवशी इंग्लिशचा होमवर्क द्यायचा होता, दहा इडियम्स, प्रत्येकाचा अर्थ आणि एकेक वाक्य, त्यातले नऊ झाले होते आणि गाडी दहाव्यावर अडली होती. 'बाय द स्किन ऑफ माय टीथ'. मी एकदम कॉन्फिडन्समध्ये सांगून टाकलं, अगं सोप्पंय, अगदी थोडक्यात वाचणं, जेमतेम निसटणं. तिने लिहून घेतलं. मग दोन सेकंद काहीच आवाज नाही आणि मग, "पण मावशी, दाताला कुठे कातडी असते?"

मी म्हटलं झोप आता, उशीर झालाय.

ती झोपली असेल, मी नाही झोपले. कारण खरंच की, दाताला कुठे असते कातडी? इतकी वर्षं हा वाक्प्रचार मी ऐकतेय, वापरतेय, आणि एकदाही हा प्रश्न पडला नाही. लहान असताना मी मनातल्या मनात एक चित्र बनवून ठेवलं होतं, कोणीतरी कड्यावर लटकलाय, हात सुटलेत आणि दोरी फक्त दातांत धरलीये, म्हणून 'दातांनी' वाचला. नंतर कळलं की असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पण त्यात 'स्किन' कुठून आली हे त्या चित्रात बसत नाही, आणि आपण तो शब्द सोयीस्करपणे गिळून टाकतो.

आधी वापराचं सांगते कारण तिथे मी स्वतः माती खाल्लेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एक फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, रात्री बाराची डेडलाइन, आणि शेवटची फाइल अपलोड होता होता घड्याळात बारा वाजून गेले. पोर्टल बंद. मी रडवेली होऊन बॉसना मेल टाकला आणि त्यात इंग्लिश झाडायची हौस म्हणून लिहिलं, 'वी मिस्ड द डेडलाइन बाय द स्किन ऑफ अवर टीथ'. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: म्हणजे फॉर्म गेला की नाही गेला? मला वाटलं टोमणा मारतायत. टोमणा नव्हताच, त्यांना खरंच कळलं नव्हतं, कारण हा वाक्प्रचार ज्याचं काम झालंय त्यानेच वापरायचा असतो. पास झालात, गाडी पकडलीत, मॅच जिंकलीत, अपघातातून वाचलात, कसंबसं का होईना पण झालं, तर 'बाय द स्किन ऑफ माय टीथ'. थोडक्यात हुकलं तर नाही. हुकलं असेल तर इंग्लिशमध्ये 'बाय अ व्हिस्कर' म्हणता येतं, मिशीच्या एका केसाने, आणि ते दोन्हीकडे चालतं, मिशीच्या केसाने जिंकलो आणि मिशीच्या केसाने हरलोसुद्धा. दाताची कातडी मात्र फक्त जिंकणाऱ्याच्या वाट्याला.

अजून दोन-तीन बारीक गोष्टी आहेत त्या पटकन सांगून टाकते. मधला शब्द माणसाप्रमाणे बदलतो, माय टीथ, हिज टीथ, अवर टीथ. 'स्किन' एकवचनीच राहते, अख्खी टीम वाचली तरी स्किन एकच. आणि 'टूथ' कधीच होत नाही, एका दाताच्या कातडीवर कोणी वाचत नाही. एस्केप, सर्व्हाइव्ह, विन, पास, मेक इट अशा क्रियापदांमागे तो येतो, आणि 'हँग ऑन' च्या मागे पण येतो, म्हणजे अजून पूर्ण सुटका नाही पण कसंतरी धरून आहोत. (बहुतेक या 'हँग ऑन' मुळेच ते दोरी दातात धरल्याचं चित्र तयार होत असावं, असा आपला माझा अंदाज.) आणि 'बाय द सीट ऑफ युअर पँट्स' शी याची हमखास गल्लत होते. दोन्हीत 'बाय द', दोन्हीत शरीराजवळचं काहीतरी, दोन्हीत जरा थरार. पण पँटवाला वाक्प्रचार वैमानिकांच्या दुनियेतला, यंत्रं न बघता अंगाला जाणवेल त्या अंदाजाने विमान हाकणं, म्हणजे काही प्लॅन नसताना अंदाजपंचे काम रेटणं. त्यात सुटका वगैरे काही नाही.

तर हे झालं शाळेतल्या उत्तरापुरतं. आता कातडी.

ही कातडी आली बायबलमधून. जुन्या करारात ईयोबाचा ग्रंथ आहे, इंग्लिशमध्ये जॉब. गोष्ट थोडक्यात अशी की ईयोब हा फार सज्जन आणि फार श्रीमंत माणूस. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, ५०० बैलजोड्या, ५०० गाढवी, सात मुलगे, तीन मुली. आणि मग एका दिवसात सगळं जातं. एक नोकर धावत येतो, बैल आणि गाढवं लुटली, मी एकटाच निसटलो तुला सांगायला. त्याचं बोलणं संपत नाही तोवर दुसरा येतो, मेंढरं जळाली, मी एकटाच निसटलो. तोवर तिसरा, उंट नेले, मी एकटाच. तोवर चौथा, घर कोसळलं, तुझी मुलं गेली, मी एकटाच निसटलो तुला सांगायला. मला हा भाग वाचताना दर वेळी काटा येतो, ते वाक्य चार वेळा तसंच्या तसं येतं म्हणून. पुढे ईयोबाच्या अंगभर गळवं उठतात, तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत असतो, आणि मित्र समाचाराला येतात ते उलट त्यालाच सुनावतात की तूच काहीतरी पाप केलं असशील. (असे मित्र सगळ्यांना असतात.) त्यातल्या बिल्ददला उत्तर देताना, एकोणिसाव्या अध्यायाच्या विसाव्या ओवीत ईयोब म्हणतो, माझी हाडं कातडीला चिकटलीत आणि मी निसटलोय तो दातांच्या कातडीनिशी.

आणि गंमत म्हणजे मूळ हिब्रूत त्या चार नोकरांच्या तोंडी 'निसटलो' साठी जो धातू आहे तोच ईयोबाने इथे वापरलाय. म्हणजे नोकर निसटले ते बातमी सांगायला आणि हा निसटलाय तो कशासाठी, हे त्याचं त्यालाच कळत नाहीये.

आता मी वर 'कातडीनिशी' असं लिहिलं ते मुद्दाम. १५६० च्या जिनीव्हा बायबलमध्ये आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, दोन्हीकडे इथे 'विथ' आहे. 'विथ द स्किन ऑफ माय टीथ'. आपण आज म्हणतो ते 'बाय'. एवढासा शब्द, पण माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे.

मराठीत आपण म्हणतो ना, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडला. म्हणजे काय, तर वाचला खरा पण बरोबर काय उरलं, अंगावरचे कपडे, बास. 'निशी' हा प्रत्यय काय शिल्लक राहिलं ते सांगतो. ईयोब तेच सांगतोय. मेंढरं गेली, उंट गेले, पोरं गेली, अंगावरची धड कातडी गेली, मी सुटलो तो कशानिशी, तर दाताला असते तेवढ्या कातडीनिशी. आणि दाताला कातडी नसतेच! म्हणजे उरलं काय, काहीच नाही. भाचीने जो प्रश्न विचारला तोच त्या ओवीचा अर्थ आहे हो. दाताला कातडी नसते हे ईयोबालाही माहीत असणार, म्हणूनच त्याने ती निवडली असं मला तरी वाटतं.

अर्थात हे माझं वाचन झालं, मोठ्या मोठ्या लोकांनी या ओवीपुढे हात टेकलेत. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने कातडीच्या जागी ओठ घातले, माझ्या दातांभोवती फक्त ओठ उरलेत असं. त्याच्याही आधीच्या ग्रीक भाषांतरात तर हाडंच दातांत धरलेली आहेत, ते काय प्रकरण आहे देव जाणे. काही जण म्हणतात कातडी म्हणजे हिरड्या. पण १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेलने इंग्लिशमध्ये पहिलं छापील संपूर्ण बायबल काढलं त्यात त्याने सरळ असं लिहिलं की मांस गेलं, आता दातांभोवतीची कातडी तेवढी उरलीये. 'उरलीये'. निसटण्याचा शब्दच नाही तिथे. म्हणजे वाक्प्रचाराच्या इंग्लिश जन्माच्या वेळी भर होता तो उरण्यावर.

मग पुढे 'विथ' चं 'बाय' झालं आणि भर सरकला. 'बाय' म्हटलं की ते माप होतं. 'बाय टू रन्स', 'बाय अ माइल', तसं 'बाय द स्किन ऑफ माय टीथ', म्हणजे संकट आणि मी यांच्यात अंतर किती होतं, तर दाताच्या कातडीइतकं. किती गेलं, काय उरलं हा हिशोबच गायब. आज कोणी परीक्षेत काठावर पास झालं आणि हे वाक्य म्हणालं तर त्याचं काहीच गेलेलं नसतं, तो पार्टी मागत असतो. राखेत बसलेल्या माणसाचं वाक्य पार्टीत पोचलं.

मला हे कळल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती म्हणजे आपलं 'जिवावरचं बोटावर निभावलं'. किंवा 'शेपटावर निभावलं', दोन्ही म्हणतात. शाळेत या दोन वाक्प्रचारांची सरळ जोडी लावून देतात, इंग्लिशमध्ये हे, मराठीत ते, अर्थ एकच. अर्थ एकच अजिबात नाहीये! आजच्या इंग्लिशमध्ये अंतर मोजलंय, मराठीत किंमत मोजलीये. जीव जायचा तो बोटावर भागलं, म्हणजे बोट गेलं. काहीतरी गेलंच. 'जिवावरचं बोटावर' म्हणणारा माणूस फुकट सुटलेला नसतो, पाय प्लास्टरमध्ये असतो, गाडीचा चुराडा झालेला असतो, पैसे बुडालेले असतात, आणि तरी तो सुटकेचा निःश्वास टाकत असतो की एवढ्यावर भागलं. म्हणजे ईयोबाच्या मूळ वाक्याच्या जवळ आजचं इंग्लिश नाहीये, मराठी आहे. फरक एवढाच की ईयोबाचं सगळं गेलं आणि कातडी उरली, आपल्याकडे बोट गेलं आणि बाकी सगळं उरलं. त्यामुळे तो रडतोय आणि आपण हुश्श म्हणतोय.

शेपटाचं म्हणाल तर मला पालच आठवते. म्हण पालीवरूनच आली असं मी म्हणत नाहीये, पण इतकं चपखल दुसरं काही नाही. पालीच्या शेपटीच्या मणक्यांत आधीच तुटायच्या जागा ठरलेल्या असतात, कोणी धरलं की स्नायू आवळून ती तिथून शेपूट सोडते, तुटलेलं शेपूट वळवळत राहतं, शिकाऱ्याचं लक्ष तिकडे आणि पाल पसार. नंतर नवीन शेपूट येतं पण त्यात आधीसारखी हाडं नसतात, कूर्चा असते. म्हणजे किंमत मोजली ती मोजलीच. जिवावरचं शेपटावर.

आणि बोटाचं उदाहरण तर मला असं सापडलंय की मी दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. अर्नेस्ट शॅकलटनची अंटार्क्टिकाची मोहीम, त्यांचं जहाज 'एन्ड्युरन्स' १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं, दहा महिने बर्फाने ते चेपत आणलं आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं. जहाजावर माणसं २८. त्यात पर्स ब्लॅकबरो नावाचा एक पोरगा, विशीसुद्धा ओलांडली नव्हती, तो तर लपून जहाजात शिरलेला, कामावर घेतलं नाही म्हणून लॉकरमध्ये दडून बसला आणि समुद्रात गेल्यावर सापडला. तर ही माणसं महिनोन् महिने बर्फावर तंबूत राहिली, मग तीन छोट्या बोटींतून एप्रिल १९१६ मध्ये एलिफंट आयलंडला पोचली. सोळा महिन्यांनी पायाखाली जमीन. शॅकलटनला वाटलं की सगळ्यात लहान ब्लॅकबरो आहे, तर बेटावर पहिलं पाऊल त्याचं पडू दे, म्हणून त्याला बोटीतून उतरवलं आणि तो धपकन पाण्यातच बसला, कारण त्याचे पाय गारठून निकामी झाले होते आणि शॅकलटन ते घाईत विसरला होता. पुढे शॅकलटन आणि आणखी पाच जण एका बोटीतून मदत आणायला साउथ जॉर्जियाकडे निघाले, सुमारे १,३०० किलोमीटर उघडा समुद्र, आणि बाकीचे २२ जण दोन बोटी उलट्या करून त्यांच्याखाली राहिले. तिथे जूनमध्ये, त्या उलट्या बोटींखाली, दोन डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन ब्लॅकबरोच्या डाव्या पायाची पाचही बोटं कापली. गँगरीन झालं होतं. ३० ऑगस्ट १९१६ ला चिलीचं 'येल्चो' हे छोटं जहाज येऊन पोचलं, मदत पोचवायचा तो चौथा प्रयत्न होता, आणि जहाजावरच्या अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस जण जिवंत सुटले.

जिवावरचं बोटावर. अक्षरशः. आणि तेही बोटीखाली. (आता मराठीत बोट म्हणजे बोटही आणि बोटही त्याला मी काय करू.)

आता ब्लॅकबरो 'बाय द स्किन ऑफ हिज टीथ' वाचला असं इंग्लिशमध्ये म्हणाल का? म्हणाल, चूक नाही. पण त्या वाक्यात बोटं येत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटेल थोडक्यात वाचला, चला. मराठी वाक्य ऐकणारा मात्र लगेच विचारेल, काय झालं, कुठे लागलं?

तसंच अपोलो १३ चं. ११ एप्रिल १९७० ला तिघं चंद्राकडे निघाले, लोव्हेल, स्विगर्ट आणि हेज, आणि जवळपास ५६ तासांनी, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून लांब असताना ऑक्सिजनची टाकी फुटली. मुख्य यानाची वीज जायला लागली म्हणून ते चंद्रावर उतरायच्या यानात जाऊन बसले, जे बनवलंच होतं दोन माणसांना साधारण दोन दिवस पुरेल इतकं, त्यात तिघांनी जवळपास चार दिवस काढले, पाणी मोजून प्यायले, हीटर बंद, श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठायला लागला तर चौकोनी फिल्टर गोल भोकाला बसेना म्हणून पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टीचा जुगाड केला. १७ एप्रिलला तिघंही समुद्रात सुखरूप उतरले. इंग्लिशमध्ये याला दाताची कातडी म्हणायला कोणाची हरकत नसावी, शब्दशः तेवढंच अंतर होतं. पण त्या तिघांपैकी कोणीही पुढेही कधी चंद्रावर उतरला नाही, लोव्हेल तर दोनदा चंद्रापर्यंत जाऊन दोन्ही वेळा न उतरता परत आलेला माणूस. तेव्हा त्यांचं मी म्हणेन जिवावरचं चंद्रावर निभावलं.

बरं, मराठीत अंतर मोजणारं काहीच नाही असंही नाही. 'बालंबाल बचावला' आहे की, तिथे केस मोजलाय. आणि 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' यात तर ना अंतर ना किंमत, तिथे थेट वरच्या ऑफिसातला घोळ आहे, माणूस आला पण अपॉइंटमेंट पुढची होती. माझी सगळ्यात आवडती ही. हिचं इंग्लिश करायला जाल तर फजिती, कारण काळ आणि वेळ दोन्हीला तिकडे 'टाइम'.

पण सगळ्यात हुशार शब्द मला वाटतो तो 'थोडक्यात'. इतका साधा की लक्षातच येत नाही. 'थोडक्यात वाचला' म्हटलं की अंतर थोडं. 'थोडक्यात निभावलं' म्हटलं की किंमत थोडी. तोच शब्द, फक्त क्रियापद बदललं की इंग्लिशचं 'बाय' आणि 'विथ' दोन्ही त्यात बसतात. आणि 'थोडक्यात सांग' म्हटलं की या ब्लॉगवर अन्याय होतो.

इंग्लिशमध्ये किंमत मोजणारा वाक्प्रचार शोधत होते तर सापडला तो उलटा, काहीच किंमत न मोजता सुटलेल्याचा. 'स्कॉट-फ्री'. याचा स्कॉटलंडशी काही संबंध नाही, स्कॉटिश लोक कंजूष म्हणून वगैरे जे सांगतात ते साफ खोटं. 'स्कॉट' हा जुना शब्द, अर्थ कर, पट्टी, वर्गणी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ज्याला ती भरावी लागायची नाही तो स्कॉट-फ्री. आता अर्थ असा की गुन्हा केला आणि शिक्षा न होता सुटला, मोकाट. म्हणजे आपल्या बोटवाल्याच्या अगदी विरुद्ध टोक, याचं नखसुद्धा गेलं नाही. आणि इथे अजून एक गल्लत होते. मराठीत 'सुटला' हा शब्द सगळ्यांना पुरतो, अपघातातून सुटला, कोर्टातून सुटला, पोलिसांच्या हातावर तुरी देऊन सुटला, लग्नातून सुटला. इंग्लिशमध्ये तसं नाही. 'स्कॉट-फ्री' आणि 'गेट अवे विथ इट' यात माणूस दोषी असतो आणि बोलणाऱ्याला ते आवडलेलं नसतं. 'ऑफ द हुक' म्हणजे जबाबदारीच्या गळातून सुटलेला मासा, त्यात दोष असेल नसेल, पण अडचणीतून मोकळा झाला. आणि दाताच्या कातडीत दोषाचा प्रश्नच नाही, फक्त धोका. त्यामुळे एखादी बाई अपघातातून वाचली तर ती 'स्कॉट-फ्री' सुटली असं म्हणू नका, ऐकणाऱ्याला वाटेल धडक तिनेच दिली होती.

आणि एक सांगायचं राहिलं, जिथे वाचलेल्या माणसाच्या बरोबरचे गेलेत तिथे हे सगळे वाक्प्रचार गिळावेत. 'क्लोज शेव्ह' (हेही थोडक्यात वाचणंच) तर नकोच, त्यात दाढीच्या वस्तऱ्याची हलकीफुलकी गंमत आहे. दाताची कातडी पण नको. विचित्र आहे ना, मुळात ज्याची दहा मुलं गेली त्या बापाचं वाक्य, आणि आज ते दुःखाच्या प्रसंगी बोलता येत नाही इतकं हलकं झालंय.

हां, तर कातडी असते का?

काल माझी डेंटिस्टकडे अपॉइंटमेंट होतीच. तोंड उघडं, त्यात आरसा, नळी आणि त्यांची दोन बोटं, अशा अवस्थेत मी विचारलं, दाताला कातडी असते का. त्यांना 'आआआ आआई आआअे आ' ऐकू आलं. तोंड धुतल्यावर परत विचारलं तर म्हणाल्या, नाही हो, वर असतं ते इनॅमल. शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, वजनाच्या ९६ टक्के खनिज, जिवंत पेशी एकही नाही, म्हणून एकदा झिजलं की परत येत नाही. कातडीच्या अगदी उलट, कातडी तर सतत नवीन येत असते. मी म्हटलं मग संपलं. त्या म्हणाल्या, थांबा, एक असतं. दात हिरडीतून नवीन बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, नॅस्मिथचा पापुद्रा, अलेक्झांडर नॅस्मिथ नावाच्या स्कॉटिश डेंटिस्टने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. चावून, ब्रश करून तो निघून जातो, मोठ्या माणसांच्या दातावर शोधून सापडायचा नाही.

म्हणजे स्कॉट-फ्रीमध्ये नव्हता तो स्कॉटलंडचा माणूस इथे निघाला.

मी घरी येऊन लगेच भाचीला फोन लावला. ती अकरा वर्षांची, वरचा डावा सुळा नुकताच हिरडीतून डोकावतोय, त्यावरून घरात तिची चेष्टा पण चाललेली असते. मी सगळं सांगितलं, ईयोब, विथ, बाय, पाल, ब्लॅकबरोची बोटं (ती दोनदा सांगावी लागली, "पाचही? खरंच पाचही?"), आणि शेवटी सांगितलं की दाताला कातडी असते, पण फक्त नवीन दाताला. म्हणजे माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे आत्ता या क्षणी आहे.

मग फोन टेबलावर पडल्याचा आवाज, स्क्रीनवर नुसतं छत, आणि लांबून ती ओरडतेय, आई टॉर्च कुठंय, आणि कोणी मला दहा मिनिटं ब्रश करायला सांगू नका.